मिसिंगवाले लिंबाजी मिस्त्री

लिंबाजी मिस्त्रींकडे गाडी नेली, की पहिला अर्धा तास बोनेट उघडायचं नाही, असा नियम होता. आपण घाईनं उघडलंच तर ते शांतपणे येऊन पुन्हा बंद करत आणि म्हणत, "बसा. आधी बोलू." मग एक जुनं टायर पायानं पुढे ढकलत. त्यावर आपण बसायचं. स्वतः ते उभे राहत. पांढराशुभ्र सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हात मागे बांधलेले. उलटतपासणी सुरू होई.

"मिसिंग कवापासून?"

"झाले पंधरा दिवस."

"सकाळी का दुपारी?"

"केव्हाही."

"केव्हाही असं काई नसतंय. माणूसबी उगंच केव्हाही शिंकत न्हाई. नीट आठवा."

मिसिंग म्हणजे इंजिनाचा एखादा ठोका चुकणं. चांगली चाललेली गाडी मध्येच आचके देऊ लागते, उचकी लागलेल्या माणसासारखी. सतत चालणारी मिसिंग कुठलाही मिस्त्री काढू शकतो. पण जी येते आणि जाते, रस्त्यावर छळते आणि गॅरेजात नेली की साळसूद होऊन बसते, ती मिसिंग भल्याभल्यांना रडवते. त्या मिसिंगचा लातूर शहरात एकच माणूस होता. लोक त्यांना मिसिंगवाले मिस्त्रीच म्हणत. आडनाव सोनकांबळे आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझा त्यांचा संबंध आला तो लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा. मी पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात कारकून होतो. कार्यालय म्हणजे एका आडत्याचं भाड्यानं घेतलेलं घर. साहेब माजघरात बसायचे, आवक-जावक स्वयंपाकघरात. माझं टेबल जिथं होतं तिथं भिंतीला अजून फडताळ होतं आणि त्याला लोणच्याचा वास यायचा. खुर्च्या, कपाटं, माणसं, सगळं जुन्या जिल्ह्यातून वाटणीत आलेलं. वाटणी करताना जो तो चांगलं स्वतःकडे ठेवतो. तशी आमच्या वाट्याला एक जुनी पांढरी मोटार आली. तिला आम्ही 'आजीबाई' म्हणायचो. गाड्यांची फाइल माझ्याकडे होती, म्हणून आजीबाईही माझ्याकडे.

आणि नेमका तेव्हाच दुष्काळ. विहिरींचे तळ दिसू लागले होते. गावोगाव टँकर जात होते, आणि बोअर पाडायची गाडी एका गावातून दुसऱ्या गावात अशी फिरत होती.

पहिल्यांदा मी मिस्त्रींकडे गेलो तेव्हा आजीबाईचा काही किरकोळ आवाज होता. गाडी मीच कशीबशी चालवत नेली होती. ड्रायव्हर रजेवर होता. मिस्त्रींनी मला टायरवर बसवलं, तीन प्रश्न विचारले आणि तिन्हीची उत्तरं मला आली नाहीत.

"भाऊसायेब, रोज ही गाडी तुम्ही चालवता?"

"नाही, आमचे ड्रायव्हर चालवतात."

"मग त्यांना घेऊन या. आजारी एक, आन् डाक्टरकडं आलाय शेजारी. मी औषध कुणाला देऊ?"

मला तसंच परत पाठवलं. राग आला होता, पण परतताना मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीचा आवाज लक्ष देऊन ऐकला.

त्यांचं गॅरेज नांदेड रस्त्याला, वस्ती विरळ होते तिथं होतं. चार पत्रे, एक बाभळ. आत एका फळीवर प्लगांच्या खोक्यांच्या मधोमध बुद्धाची वीतभर मूर्ती. फळी तेलकट, खोकी तेलकट, पण मूर्तीवर ठिपका नाही. तीच गोष्ट सदऱ्याची. दिवसभर इंजिनात हात घालणारा हा माणूस संध्याकाळी सकाळइतकाच पांढरा असायचा. मी एकदा विचारलं, हे जमतं कसं?

"ज्याला रोग ठाव न्हाई, तो समदीकडं हात घालतो," ते म्हणाले. "मग डाग पडतात. मी एकाच जागी घालतो."

हा गर्व होता, आणि तो त्यांना शोभत होता. सुटे भाग बदलून बघणाऱ्या मिस्त्र्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा. एका वकिलांची मोटार रोज दुपारी कोर्टातून निघताना बंद पडायची. दोन गॅरेजांनी मिळून तिचा पेट्रोल पंप आणि कॉइल बदलली होती. मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. गाडी कोर्टात कुठं उभी करता, तेवढं विचारलं.

"काय बदलायचं ते सांगा," वकील घाईत होते.

"जागा बदला."

"म्हणजे?"

"उन्हात लावता. नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायलीय. तिथल्या पिंपळाखाली लावत जा."

वकिलांना हे पटलं नाही. एवढे शिकलेले आपण, आणि उपाय काय, तर पिंपळ! पण गाडी पुन्हा बंद पडली नाही.

दुष्काळात त्यांचा आणखी एक छंद आम्हाला बघायला मिळाला. गाडीच्या रेडिएटरमधलं पाणी काढलं, की ते बादलीत निवळत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत परत भरायचे. बादलीवर खडूनं गाडीचा नंबर. एका टँकरवाल्यानं थट्टा केली, "मिस्त्री, माझ्या टाकीत हजारो लिटर पाणी हाय, आन् तुम्ही बादल्या सांभाळून राहिले?"

"तुझं पाणी लोकाचं हाय," मिस्त्री म्हणाले. "हे गाडीचं हाय. ज्याचं त्याला द्यावं."

इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखणारा त्यांचा कान कुठं तयार झाला, हे मी खोदून खोदून विचारलं. ते सांगायला तयार नसत. एकदा आजीबाईचं टायर बदलेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसलो होतो, तेव्हा आपणहून बोलले.

त्यांचं गाव जळकोटच्या बाजूला. तिथल्या पाटलांनी विहिरीवर डिझेल इंजिन बसवलं. गावातलं पहिलंच. लिंबाजींचे वडील पाटलांच्या शेतात मजुरीला, आणि हे नुकते मिसरूड फुटलेले, तेही तिथंच.

"मी बांधावर बसून ऐकायचो," ते म्हणाले. "विहिरीजवळ जायची सोय न्हवती. धरम आमचा बदलला होता, विहिरीचा न्हवता बदलला. पन्नास पावलांवरून काय दिसणार? मग कानच कामाला लावले."

पुढे एके दिवशी इंजिन अडखळू लागलं. पाटलांची माणसं दोन दिवस झटत होती. भुईमूग माना टाकू लागला. लिंबाजी बांधावरून ओरडले, "नळीत हवा धरलीय! हवा काढा!" पाटील म्हणाले, तुला काय कळतंय, गप बस. तिसऱ्या दिवशी मात्र बोलावणं आलं.

"मी म्हनलं, येतो की. पर इंजिन विहिरीत खाली कपारीत हाय, उतरावं लागंल. पाटलानं वर आभाळाकडं बगितलं, खाली भुईमुगाकडं बगितलं. म्हनला, उतर."

"मग?"

"उतरलो. हवा काढली. इंजिन चालू झालं आन् मला अशी तहान लागली भाऊसायेब, अशी तहान लागली! वंजळीनं प्यालो. पाटील वरून बघून राहिला होता. मी म्हनलं, पाटील, पाणी गोड हाय बरं का."

मी विचारलं, "पुढं काय झालं?"

"पुढं काय? दर महिन्याला हवा धरू लागली." त्यांनी दुमडलेली बाही पुन्हा एकदा दुमडली. "हवा कशी धरती ते गावात मला एकट्यालाच म्हाइत होतं."

आणि मग ते इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं.

आता आजीबाईची गोष्ट. आमचे साहेब होते इनामदार. पुण्याकडून आलेले. जमीन बघून बोअरची जागा ठरवणं हे त्यांचं काम. माणूस सचोटीचा, उन्हातान्हात पायी फिरणारा, पण स्वभावानं संशयी. चहात साखर कमी पडली तरी कुणी नेली, असं त्यांच्या मनात यायचं. ड्रायव्हर होते खाजामियाँ, आमचे खाजाभाई. उदगीरचे, उतारवयाचे, अदबशीर. नव्या जिल्ह्यात पदं मंजूर व्हायची होती, म्हणून ते रोजंदारीवर. त्यांच्या नोकरीला कागदाचा आधार नव्हता.

उन्हाळा चढला तशी आजीबाईला मिसिंग लागली. साहेबांना घेऊन निघाली, की चार-पाच किलोमीटरवर आचके देऊ लागायची. खाजाभाई गाडी बाजूला घ्यायचे, प्लग पुसायचे, पुन्हा निघायचे, पुन्हा आचके. गॅरेजात नेली की ठणठणीत. शहरातल्या तीन गॅरेजांनी मिळून प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर धुतला. मिसिंग होती तिथंच. मिस्त्री तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी उमरीला गेले होते, नाहीतर पहिल्यांदा तिकडेच गेलो असतो.

साहेबांनी एक गोष्ट हेरली. खाजाभाई एकटे गाडी नेत तेव्हा मिसिंग कधीच येत नसे. साहेब बसले, की येत असे. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष सरळ होता. ड्रायव्हरला उन्हात खेड्यांकडे यायचं नाही, म्हणून तो काहीतरी करतो. नाहीतर पेट्रोल काढून रॉकेल मिसळतो.

आणि मग तो दिवस आला. देवणीकडच्या एका गावात बोअरची गाडी येऊन थांबली होती. साहेबांनी जागा दाखवायची, मग खोदायला सुरुवात. आजीबाईनं वाटेत सहा वेळा दम सोडला. साहेब पोचले तेव्हा बोअरची गाडी अर्धा दिवस वाट बघून पुढच्या गावाला निघून गेली होती. गावातल्या बायका रिकामे हंडे घेऊन जमल्या होत्या. त्यांनी नुसतं गाडीकडे बघितलं, मग साहेबांकडे बघितलं आणि आल्या तशा परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला मेमो टाइप करायला सांगितला. 'आपणास कामावरून कमी का करण्यात येऊ नये.' मी टाइप केला. खाजाभाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"भाऊसाब," ते म्हणाले, "अल्ला कसम, मैं कुछ नहीं किया. साब बसले की ती खोकती जी. साब उतरले की चंगी होती. मैं क्या करूं?"

मिस्त्री परतल्याचं त्याच दिवशी कळलं. मी साहेबांकडे दोन दिवसांची मुदत मागितली आणि आम्ही आजीबाईला नांदेड रस्त्यावर नेलं.

मिस्त्रींनी खाजाभाईंना टायरवर बसवलं. सगळं ऐकून घेतलं. 'साब बसले की खोकती' हे वाक्य त्यांनी तीनदा म्हणवून घेतलं.

"सायेबाचं वजन किती असंल?"

मी अंदाजानं सांगितलं. त्यांनी शेजारच्या दुकानातून ज्वारीचं एक पोतं आणवून मागच्या सीटवर उभं केलं. "बसा सायेब," पोत्याला म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. वीस मिनिटांनी परत आले. "ह्या सायेबाला मिसिंग न्हाई. वजनाचा प्रश्न मिटला. आता खरे सायेब आणा."

खऱ्या साहेबांना आणणं हे माझ्या नोकरीतलं सर्वांत अवघड काम होतं. पण ते आले. मिस्त्रींनी त्यांना मागे बसवलं आणि स्वतः गाडी चालवली. मिसिंग नाही. मग साहेबांना चालवायला दिली. तेव्हाही नाही. मग खाजाभाई चालवायला बसले, पुढे शेजारी मिस्त्री, मागे साहेब आणि मी. तीन किलोमीटर झाले नाहीत तोच आजीबाई खोकली. एक आचका, दोन आचके, मग लागोपाठ.

"बघा!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "मी चालवली, तुम्ही चालवली, तेव्हा नाही. याच्याच हातात येते. आणखी काय पुरावा पाहिजे?"

खाजाभाईंच्या मानेवर घाम उतरला. मिस्त्री मात्र रस्त्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर खाजाभाईंच्या उजव्या पायावर होती.

"खाजाभाई," ते हळूच म्हणाले, "मागं सायेब न्हाईत असं समजा. तुमचा मेव्हणा बसलाय. त्याची एस्टी सुटून राहिली. चालवा."

"मेव्हणा?"

"मेव्हणा. आन् लई उशीर झालाय."

खाजाभाईंनी पाय दाबला. आजीबाई उसळली. मिसिंग गायब.

"आता मेव्हणा उतरला. सायेब बसले."

पाय हलका झाला, गाडी संथ झाली आणि खोकली.

"मेव्हणा."

साफ.

"सायेब."

खोकली.

असं पाच-सहा वेळा झालं. मागं साहेब प्रत्येक वेळी साहेब आणि मेव्हणा होत होते. मी खिडकीतून बाहेर बघत ओठ दाबून धरले होते.

"सापडलं," मिस्त्री म्हणाले. "सायेब, ह्या माणसाचा काई कसूर न्हाई. तुम्ही बसलात की हा अदबीनं चालवतो. तुमाला धक्का लागू नये म्हणून पाय फुलासारखा ठेवतो. ह्या गाडीला अदब सोसत न्हाई, एवढंच."

गॅरेजात आल्यावर त्यांनी पहिल्यांदा बोनेट उघडलं. इंजिनाच्या कडेला, प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा डबा असतो, त्याला एक बारीक नळी आलेली असते. ती त्यांनी इंजिनाकडच्या टोकाला सोडवली आणि खाजाभाईंना गाडी चालू करायला लावली. गाडी उभ्यानं मांजरासारखी गुरगुरत होती. मिस्त्रींनी नळीचं टोक तोंडात धरलं आणि हुक्का ओढावा तशी हवा ओढली.

आजीबाई खोकली.

नळी सोडली, गुरगुर सुरू. ओढली, खोकला.

"हलक्या पायानं सपाट रस्त्यावर चाललं, की इंजिन ह्या नळीतून हवा ओढतं," त्यांनी सांगितलं. "त्या ओढीनं डब्यातली चकती जराशी फिरती. चकतीला एक वायर हाय, ती ताणती. जोरात दाबलं की ओढ कमी, उभी असली की ओढच न्हाई. म्हणून गॅरेजात कुणाला घावली न्हाई."

साहेब पुढे झाले. "मी बघू?"

मिस्त्रींनी नळीचं टोक सदऱ्याला पुसलं. हो, त्या पांढऱ्या सदऱ्याला. आणि साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ओढली. खोकला. सोडली. पुन्हा ओढली. मला वाटतं त्या दिवशी त्यांनी ती नळी दहा-बारा वेळा तरी ओढली असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा थोडा थोडा लहान मुलासारखा होत गेला.

मिस्त्रींनी डबा उघडून बोटभर वायर बाहेर काढली. वरून अगदी धडधाकट. दोन्ही टोकं धरून ओढली तर रबरासारखी लांबली. वरचं आवरण शाबूत होतं, पण आतली तांब्याची तार तुटलेली. ताण पडला की टोकं दूर जात, ताण गेला की पुन्हा चिकटत. शेजारच्या रेडिओवाल्याकडून मऊ तारेचा तेवढाच तुकडा आणून त्यांनी बसवला. पाच मिनिटांचं काम.

साहेब निघाले, तेव्हा मिस्त्री हात मागे बांधून म्हणाले, "सायेब, ते खाजाभाईच्या खिशातलं राहिलं."

साहेब थांबले. खाजाभाईंकडे गेले. "तो कागद द्या." खाजाभाईंनी घडी काढून दिली. साहेबांनी ती फाडली नाही की फेकली नाही, माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "याची नोंद काढून टाका. आणि खाजाभाई, माझं चुकलं."

खाजाभाई इतके गोंधळले, की त्यांनी साहेबांना सलाम करायचा तो आजीबाईला केला. परतताना त्यांनी पुन्हा पाय फुलासारखा ठेवला. गाडी हूं की चूं न करता घरी आली.

देवणीकडच्या त्या गावासाठी साहेबांनी स्वतः भांडून बोअरची गाडी परत मागवली. पहिली जागा कोरडी निघाली. दुसऱ्या जागी पाणी लागलं. मी ते बघायला नव्हतो, खाजाभाईंनी सांगितलं. बायकांनी साहेबांना, बोअरवाल्याला आणि शेवटी आजीबाईच्या बोनेटलाही कुंकू लावलं म्हणे.

पुढे माझी नांदेडला बदली झाली आणि लातूर मागे पडलं. मिस्त्रींनी गॅरेज बंद केल्याचं कानावर आलं होतं. मला ते शेवटचे दिसले ते बऱ्याच वर्षांनी, जळकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी कार्यालयाच्या जीपमध्ये होतो. चढावर एक छोटी जुनी मोटार थांबली होती आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा माणूस ती मागून ढकलत होता. जीप थांबवून मी उतरलो.

"मिस्त्री! काय झालं? मिसिंग?"

त्यांनी वळून बघितलं, मला ओळखलं आणि चक्क लाजले.

"न्हाई हो. पेट्रोल संपलं."

स्टिअरिंगवर त्यांची बायको होती. सुगंधाबाई, माहेर भालकीकडचं. चालवायला मिस्त्रींनीच शिकवलेलं. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून आधी मराठीत आणि मग कानडीत बरंच काही सुनावलं. मराठीतलं एवढंच लक्षात राहिलं, "तीनदा म्हनलं, टाका, टाका. म्हनले, मला ठाव हाय!"

"कानडीत काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"कानडी येती मला," मिस्त्री म्हणाले. "चिडलेली कानडी येत न्हाई. हात लावा."

मी आणि जीपचा ड्रायव्हर, दोघांनी हात लावला. चढ संपला. पलीकडे लांबलचक उतार आणि उताराच्या तळाशी पेट्रोल पंप दिसत होता. गाडीनं आपोआप वेग घेतला आणि सुगंधाबाई मागे वळूनही न बघता खाली निघाल्या. इंजिन बंद, काहीही आवाज नाही, फक्त डांबरावर टायरची सळसळ.

आम्ही तिघं वर उभे राहून बघत होतो. गाडी लहान लहान होत गेली.

"चला मिस्त्री, जीपमध्ये बसा. खाली सोडतो."

त्यांनी दुमडलेल्या बाह्या नीट केल्या, सदऱ्यावरची धूळ झटकली आणि मान हलवली.

"नगं भाऊसायेब. चालतच जातो. मी पोचेस्तवर तिचा राग उतरंल."

आणि हात मागे बांधून ते उतारावरून निघाले. जीप त्यांच्या शेजारून गेली, तेव्हा त्यांनी हात केला. वळणावर मी मागे बघितलं. ते अजिबात घाई करत नव्हते.